पाणचक्की, उलट्या वाटेने

पाणचक्कीला दहा मिनिटं पुरतात, असं छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलेला कोणीही सांगतो. बीबी का मकबरा बघून परतताना रिक्षावाला तिथे थांबवतो. आपण भिंतीवरून पडणारी धार बघायची, हौदातल्या माशांना चुरमुरे टाकायचे, वडाखाली फोटो काढायचे आणि बाहेरच्या दुकानात हिमरू शालींचे भाव विचारून शाल न घेता निघायचं. शाळेच्या सहलीत मीही एवढंच केलं होतं. या खेपेला फक्त पाणचक्कीसाठी गेले आणि सोबतीला मामांना घेतलं. मामांनी उभं आयुष्य नेवासे तालुक्यात पिठाची गिरणी चालवली. आता गिरणी मुलाकडे आहे, पण पिठाला हात लावल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. "पाण्यावर चालणारी गिरणी" एवढं फोनवर सांगितल्यावर ते लगेच तयार झाले. मकबऱ्यासाठी ते तयार झाले असते असं वाटत नाही.

शनिवार

पुण्याहून सकाळची शिवाई. ही विजेवरची बस आवाज करत नाही, त्यामुळे मागच्या सीटवरच्या काकांचा फोन अख्ख्या गाडीला ऐकू येतो. नगरला चहा झाला. नेवासा फाट्यावर मामा चढले. पांढरा सदरा, टोपी, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात पिशवी. पिशवीत दोन दिवसांच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. "हाटेलातलं पीठ कुठलं असंल, सांगता येत न्हाई," हे कारण.

कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल लागतो. इथे प्रवरा येऊन मिळते, आणि पावसाळा चांगला झालेला असला की दोन्ही नद्या ओळखू येत नाहीत, कारण जायकवाडीचा फुगवटा इथपर्यंत पसरलेला असतो. ऑक्टोबरची सुरुवात होती, पाणी काठोकाठ होतं. या फुगवट्याच्या दुसऱ्या टोकाला, पैठणजवळ, शहराचं पाणी उचललं जातं. तिथून पंप लावून, चढ चढवून, पन्नासेक किलोमीटर लांब आणायचं. तरीही शहरातल्या कित्येक भागांत नळाला पाणी आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी येतं, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाणचक्कीकडे जाताना हे डोक्यात असलेलं बरं.

दुपारी पोचलो, खोलीवर पिशव्या टाकल्या आणि चारच्या सुमारास पाणचक्कीत शिरलो. खाम नदीच्या काठावर, महमूद दरवाजाला लागून हे आवार आहे. मुळात हा दर्गा आणि खानकाह, म्हणजे सूफींचा मठ. बुखाऱ्याकडून आलेले नक्षबंदी सूफी बाबा शाह पलंगपोश आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर यांची ही जागा. त्यांच्या कबरी, मशीद, मदरसा, यात्रेकरूंना उतरायच्या खोल्या आणि या सगळ्यांच्या पोटासाठी चक्की, असा तो पसारा. म्हणजे चक्की हे प्रेक्षणीय स्थळ म्हणून बांधलेलं नाही, ते स्वयंपाकघराचं सामान होतं. इथे यात्रेकरू, फकीर, विद्यार्थी जेवत; छावणीतल्या शिपायांसाठीही पीठ जाई.

बांधकामाची सालं मात्र जिथे वाचावी तिथे वेगळी मिळतात. कुठे १६९५, कुठे १७४४. साधारण मानलं जातं ते असं: चक्की आणि तिला पाणी आणणारी नहर पहिल्या निजामाच्या पदरी असलेल्या तुर्कताज खानाने १७४४ मध्ये केली, आणि कारंज्यांचा लांबोळका हौद पुढे जमील बेग खानाने बांधला. मला यात सालापेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी आणि चक्की आली, शोभा मागाहून. आज येणारा माणूस शोभा बघतो आणि चक्की राहून जाते.

धार छान होती. उंच भिंतीच्या माथ्यावरून पाणी हौदात पडतं, सुमारे २० फूट. समोर उभं राहिलं की तुषार अंगावर येतात आणि मुलं मुद्दाम तिथेच उभी राहतात. हौदाच्या पलीकडे तो प्रचंड वड, सहाशे वर्षांचा म्हणून सांगतात. पारंब्यांचेच खोड झालेत, त्यामुळे वयाबद्दल वाद घालायचं धाडस होत नाही. हौदाखाली एक मोठं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी साठवून खाली माणसं उतरवायची, त्यामुळे मे महिन्यातही दालन थंड राहणार. उन्हाळ्यात मराठवाड्यात एकदा येऊन गेलेल्या माणसाला ही सोय कोणी समजावून सांगायला नको.

मामांना यातल्या कशातच रस नव्हता. "गिरणी कुठंय?"

गिरणी बाजूच्या खोलीत आहे. जाळीच्या आडून बघावी लागते. जमिनीच्या पातळीला दगडाच्या दोन गोल तळ्या, एकीवर एक. वर दाणे घालायला जागा. आणि मुख्य काम जमिनीखाली चालतं, तिथे चाक आहे. पाणचक्की म्हटलं की परदेशी चित्रांतलं, घराच्या बाजूला उभं फिरणारं भलंमोठं लाकडी चाक डोळ्यांसमोर येतं. इथलं तसं नाही. हे आडवं चाक, पाती असलेलं. वरून नळातून उतरलेलं पाणी पात्यांवर तिरपं आदळतं, चाक गरगर फिरतं. चाकाच्या मधोमध उभा दांडा आहे, तो खालच्या तळीच्या भोकातून वर येतो आणि वरच्या तळीत अडकवलेला असतो. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. मध्ये दातेरी चक्रं नाहीत, पट्टा नाही. उभ्या चाकाच्या गिरणीत फिरण्याची दिशा काटकोनात वळवावी लागते, त्यासाठी लाकडी दात्यांची चक्रं आली, ती झिजणार, सुतार हवा. इथे घरच्या जात्यासारखीच खालची तळी स्थिर, वरची फिरती, फक्त खुंट्याच्या जागी पाणी. हिमालयातले घराट, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या गिरण्या, याच जातीचे, फक्त तिथे लाकडी पन्हळीतून पाणी येतं.

मामा जाळीला कपाळ टेकवून उभे राहिले. वरची तळी फिरत होती, रिकामीच. कडेला घासून घासून तिला काचेसारखी चकाकी आली होती.

"टाकी लागलेली न्हाई," ते म्हणाले. "लई वर्सं."

"म्हणजे?"

"अगं, दगड गुळगुळीत झालाय. आता यात गहू टाकला तर भरडणार न्हाई, चेंगरणार. आन् रिकामी फिरवू नये कधी. दगडाला दगड खातो. मग पिठात कच येते."

गिरणीवाल्या माणसाबरोबर येण्याचा हा फायदा. दळण्याचं काम दगड करतो असं आपल्याला वाटतं, पण खरं काम दगडावर टाकीने, म्हणजे छिन्नीने, पाडलेल्या खाचा करतात. त्या खाचांच्या धारेवर दाणा कापला जातो, आणि त्याच खाचांतून पीठ मधून कडेकडे सरकत बाहेर पडतं. खाचा बुजल्या की दाणा अडकून राहतो, दगड तापतो, पीठ करपल्यासारखं होतं. पूर्वी दारावरून "जात्याला टाकी" अशी हाळी देत जाणाऱ्या बायका यासाठीच असायच्या. मामांच्या गिरणीतही दर काही दिवसांनी रात्री दगड उलटा करून टाकी मारायचं काम चाले. माझ्या लहानपणीच्या सुट्टीत तो ठक्‌ठक्‌ आवाज ऐकतच झोप लागायची.

"किती दळत असंल ही?" त्यांचा खरा प्रश्न हा होता. वहीची पाठ घेऊन हौदाच्या कठड्यावर बसलो आणि हिशेब मांडला. समजा सेकंदाला १० लिटर पाणी सहा मीटरवरून पडलं. त्यातून फार तर ५८८ वॅट मिळतील, म्हणजे पाऊण अश्वशक्तीच्या जरा वर. चाक, दांडा, उडणारं पाणी यात निम्मी ताकद जाते असं धरलं तर हातात राहते अर्धीही नाही. मामांच्या गिरणीची मोटर १० अश्वशक्तीची, तासाला क्विंटलभर गहू खाणारी.

"म्हंजी खेळणंच की!"

घराटात तासाला दहा किलोच्या आसपास दळून होतं. तेच इथे धरू. मामांनी पेन काढून घेतलं. त्यांचा हिशेब वेगळ्या दिशेने गेला. लाइट जात नाही. भारनियमन नाही. पट्टा तुटत नाही. रात्री झोपायचं नाही ठरवलं तर चोवीस तास. दहा गुणिले चोवीस, दोनशे चाळीस किलो. माणशी अर्धा किलो पीठ धरलं तर पावणेपाचशेच्या वर माणसं. "आन् बिल शून्य," ते म्हणाले, आणि यानंतर त्यांनी 'खेळणं' हा शब्द वापरला नाही. उलट हळू दळलेलं पीठ थंड पडतं, त्याच्या भाकरीला चव वेगळी, यावर मला सहा वाजेपर्यंत ऐकवलं.

तेवढ्यात बाजूच्या एका कुटुंबातल्या मुलाने विचारलं, हे पाणी संपत कसं नाही? त्याच्या बाबांनी "मोटर असणार" म्हणून विषय संपवला. प्रश्न बरोबर होता. त्याच्याच उत्तरासाठी रविवार ठेवला होता.

रविवार

सकाळी एक म्हातारे रिक्षावाले अर्ध्या दिवसासाठी ठरवले. आम्हाला मकबरा, गुंफा, शालीचं दुकान यातलं काही नको, पाणचक्कीचं पाणी जिथून येतं तिथपर्यंत हर्सूलकडे जायचं आहे, हे कळल्यावर त्यांनी आधी मामांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "नहर देखनी है? बैठो." पुढे कळलं की त्यांचं लहानपण बेगमपुऱ्यात गेलं होतं आणि बघण्यासारखं काय आहे हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

पाणचक्कीच्या नहरीचं तोंड हर्सूलला, खाम नदीला एक ओढा येऊन मिळतो त्याच्या जरा वर, एका विहिरीत. तिथून सुमारे आठ किलोमीटर जमिनीखालून, मातीच्या खापरी नळांतून पाणी पाणचक्कीत येतं. वाटेत कुठेही पंप नाही. मी हे वाचलं होतं तेव्हा 'उतार असेल' म्हणून सोडून दिलं होतं. वाटेने उलटं गेलं की कळतं, उतार सरळ नाही. मध्ये ओढे आहेत, खोलगट भाग आहेत. बंद नळातलं पाणी खाली उतरतं आणि पलीकडे पुन्हा चढतं, फक्त सुरुवातीच्या पातळीच्या वर जाऊ शकत नाही. शाळेत शिकलेलं 'पाणी आपली पातळी शोधतं' ते हेच. अडचण अशी की खोलगट जागी नळावर दाब वाढतो, आणि भाजलेल्या मातीचा नळ दाब सोसत नाही. शिवाय नळात हवा अडकली की प्रवाह बंद. यावर तोडगा म्हणून वाटेत जागोजागी विटा-चुन्याचे मनोरे बांधले. पाणी मनोऱ्यात वर चढतं, हवा निघून जाते, गाळ थोडा बसतो, दाब कमी होतो आणि पाणी दुसऱ्या बाजूने पुढच्या नळात उतरतं.

त्यातला एक मनोरा रिक्षावाल्या चाचांनी दाखवला. दिल्ली दरवाजाच्या बाहेर, घरांच्या गर्दीत. एकटे गेलो असतो तर जुन्या वाड्याचा उरलेला कोपरा समजून पुढे गेलो असतो. दोन माणसांच्या उंचीचा चौकोनी खांब, वर पिंपळाचं रोप फुटलेलं, आणि शेजारच्या बाल्कनीपासून त्याच्यापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी. पायथ्याशी गिलावा निखळला होता आणि आत नळ दिसत होता. मी खाली बसून पाहिला. लालसर मातीचा, बोटभर जाड. एका नळाचं अरुंद टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात घातलेलं, सांध्यावर चुन्याचा जाड थर, आणि सगळ्याभोवती पुन्हा दगड-चुन्याचं आवरण. कुंभाराच्या चाकावर ओढलेल्या बोटांच्या रेघा आतून स्पष्ट होत्या. आठ किलोमीटरला असे किती नळ लागले असतील! हातभर लांबीचा नळ धरला तरी सोळा-सतरा हजार. एवढे सगळे एका मापाचे घडवणाऱ्या कुंभारांचं नाव कुठल्याच फलकावर नाही. तुर्कताज खानाचं आहे.

दोरीवर कपडे घालणाऱ्या ताई खाली आल्या. आम्ही कुठल्या खात्याचे, हा त्यांचा पहिला प्रश्न. कुठल्याच नाही म्हटल्यावर मोकळेपणाने बोलल्या. त्यांच्या सासूबाई सांगायच्या, या खांबातून पाण्याचा आवाज यायचा. आता घरात पाच निळे पिंप आहेत, आणि नळाला पाणी येणार त्या दिवशी घरातलं एक माणूस कामावर जात नाही. खांबाचं काय करायचं, यावर त्या गल्लीत दोन मतं आहेत. मी माझं मत विचारल्याशिवाय सांगून टाकलं.

नहर म्हटली की या शहरात मलिक अंबरचं नाव घ्यावंच लागतं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा पेशवा झाला आणि त्याने १६१० मध्ये खडकी गावाच्या जागी हे शहर वसवलं. दोन वर्षांनी भडकल दरवाजा उभारला. त्याच दशकात त्याने नहर-ए-अंबरी आणली. तिची पद्धत वेगळी. ती नळ नव्हे, बोगदा. डोंगरउताराच्या जमिनीत मुरलेलं पाणी झिरपून बोगद्यात उतरतं आणि अगदी हलक्या उताराने शहराकडे वाहतं. वर ठरावीक अंतरावर साफसफाईसाठी तोंडं. पाणचक्कीची नहर तिच्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी आली आणि तिने नळ-मनोऱ्यांचा मार्ग धरला. मध्यंतरीच्या काळात आणखीही नहरी झाल्या, अमीर-उमरावांनी आपापल्या पुऱ्यांसाठी काढलेल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद अशाच एका नहरीचा. चाचांनी जाताना रिक्षा थांबवून दाखवला आणि लहानपणी यात पोहायला शिकलो म्हणून सांगितलं. पुण्याच्या वाचकांना कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे आणलेला नळ आठवेल. तो नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, १७५० च्या सुमाराचा, म्हणजे पाणचक्कीचा जवळपास समवयस्क. कात्रजच्या नळावरच्या उच्छ्वासांचं, म्हणजे तिथल्या मनोऱ्यांचं, पुणेकरांना कौतुक आहे, असावंच, पण संभाजीनगरच्या मनोऱ्यांचा तोच मान कोणी ठेवत नाही याचं मला वाईट वाटलं.

हिमायत बागेत मामांनी अर्धा तास घेतला. मुघलकालीन बाग, आता कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र. आंब्याच्या जुन्या झाडांखाली फिरून त्यांनी सीताफळाचं एक रोप विकत घेतलं आणि ते उरलेला प्रवासभर मांडीवर धरलं.

हर्सूलला हरसिद्धी मातेच्या देवळात नवरात्राची गर्दी होती. रस्ता दुकानांनी भरलेला, पाळणे, बांगड्या, रेवड्या. दर्शन घेऊन तलावाकडे वळलो. पाऊस चांगला झाला होता, तलाव भरलेला, काठावर रविवारची पोरंटोरं. इथून खाली खामच्या पात्रात झाडी आहे. ओढा येऊन मिळतो त्या बाजूला एका शेतकरी आजोबांनी बोट दाखवून सांगितलं की जुनी विहीर त्या झाडीत आहे, पण पावसानंतर गवत छातीएवढं आणि साप भरपूर, दिवाळी झाल्यावर या. मामांच्या गुडघ्यांनीही तेच मत दिलं. मग आम्ही बांधावर बसून भाकरी सोडल्या.

तिथे बसल्यावर कालच्या हिशेबातली एक गोष्ट बसली. आमच्या वहीत आम्ही चक्कीसाठी पाणी धरलं होतं. पण हे पाणी काही चक्कीसाठी आणलेलं नव्हतं. ते वजूसाठी (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी), पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी, हौदासाठी, बागेसाठी येणारच होतं. त्याला शेवटी २० फूट खाली उतरायचंच होतं. तुर्कताज खानाच्या माणसांनी त्या उतरण्याच्या वाटेत एक चाक ठेवलं. चक्कीने पाण्याचा थेंबही खर्च केला नाही, फक्त त्याची उंची वापरली. दळून झाल्यावर तेच पाणी हौदात, कारंज्यात, आणि उरलेलं खामला. काल ज्या मुलाने पाणी संपत कसं नाही विचारलं, त्याला हे सांगायला हवं होतं.

मामांना मी हे उत्साहाने सांगितलं. ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मंग हिरीला पाणी पायजे ना बारमाही." खरं आहे. सगळ्या यंत्रणेचा भार त्या गवतात लपलेल्या विहिरीवर आणि तिच्या वरच्या डोंगरांवर. हर्सूलच्या बाजूने आता शहर वाढत चाललंय. डोंगरउतारावर फरश्या आणि सिमेंट आलं की झिरपायचं काय? पावसाळ्यानंतर धार जोरात आणि उन्हाळ्यात रोडावलेली, हे इथले लोक सांगतात त्याचं मूळ तिथे आहे. खामचंही तसंच. पाणचक्कीच्या भिंतीखालून वाहते ती बरीच वर्षं नाल्यासारखीच होती. अलीकडे काही भागात पात्र साफ करून काठ बांधले आहेत, झाडं लावली आहेत. महमूद दरवाजाच्या पुलावरून बघताना फरक दिसतो, वासही कमी आहे.

परतताना बीबी का मकबरा पाहिला. रविवार, रांग, ऊन. सुंदर आहे. त्याच्या बागेतली कारंजी बंद होती.

रात्री मामा खोलीवर भाकरी खाऊन झोपले आणि मी एकटी जुन्या शहरात नान खलिया खायला गेले. मटणाचा तो पिवळट लाल, तेलाचा तवंग असलेला रस्सा आणि तंदूरमधून काढलेला, केशरी रंग फिरवलेला मऊ नान. लष्कराच्या भटारखान्यात एकाच वेळी हजारोंना वाढायला जमलेला पदार्थ म्हणून त्याची ख्याती आहे. माळकरी मामांना याचं वर्णन ऐकवण्यात अर्थ नव्हता, पण नानाचं पीठ कसं होतं ते त्यांनी सकाळी विचारलंच. मैदा, म्हटल्यावर चेहरा पडला.

सोमवार

सोमवारी अजिंठा बंद असतो, वेरूळ उघडं असतं. वेरूळ या खेपेला नको असं ठरवलं होतं, कारण लेण्यांत शिरलं की पाण्याचा धागा सुटतो. देवगिरी, खुलताबाद आणि परत.

देवगिरीच्या किल्ल्यावर मामा हत्ती हौदाच्या पुढे आले नाहीत आणि मीही आग्रह केला नाही. अंधारीचा भुयारी मार्ग, खंदक, मेंढा तोफ, हे सगळं याआधी पाहिलेलं. हत्ती हौद मात्र निवांत बघण्यासारखा आहे. लांबी-रुंदी जवळपास दीडशे फुटांची, खोली वीसच्या वर, आणि किल्ल्यात पाण्याची टंचाई का पडली नाही याचं उत्तर एका नजरेत. डोंगरातलं पाणी खापरी नळांनीच इथे आणलं होतं. पायऱ्यांजवळ तुटक्या नळाचे तुकडे पडलेले दिसले. कालच्या मनोऱ्यातल्या नळाशी ताडून पाहिले तर घडण तीच, अरुंद टोक आणि रुंद तोंड. म्हणजे पाणचक्कीच्या कारागिरांना काही आकाशातून सुचलं नव्हतं. या टापूत खापरी नळाने पाणी नेण्याचं कसब कित्येक पिढ्या मुरलेलं होतं. पाणचक्की कोणा परदेशी करामती माणसाने आणली असं गाइड लोक रंगवून सांगतात, ते मला त्यामुळे पटत नाही.

किल्ल्यासमोर सीताफळांचे ढीग होते, हंगाम ऐन भरात. मामांनी डोळा उघडलेली फळं निवडून निवडून दोन डझन घेतली, आधीच्या रोपाच्या जोडीला.

खुलताबादला मलिक अंबरची कबर गावाच्या एका कडेला आहे. काळसर दगडाचा, घुमट असलेला भारदस्त मकबरा, त्याने हयातीतच बांधून घेतलेला. शेजारी त्याची बायको बीबी करीमा हिचाही. १६२६ मध्ये तो गेला. आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही दोघं आणि चार शेळ्या. औरंगजेबाच्या कबरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंदोबस्त आणि गाड्या, आणि ज्याने शहर वसवलं, त्याला पाणी आणलं, त्याच्याकडे पाटी शोधत यावं लागतं. मामा टोपी काढून उभे राहिले. कोण होता हा, असं त्यांनी विचारलं नाही. काल नहरीच्या वाटेवर सगळं ऐकलं होतं.

आणखी एक कबर बघायची होती, गुलाम अली आझाद बिलग्रामी यांची. फारसी आणि अरबीतले मोठे कवी, उत्तरेतून येऊन पाणचक्कीच्या खानकाहमध्ये राहिले, १७८६ मध्ये वारले आणि खुलताबादला पुरले गेले. त्या चक्कीचं पीठ रोज खाल्लेला, नावानिशी माहीत असलेला माणूस म्हणून मला त्यांचं अप्रूप. दोघा-तिघांना विचारलं. एकाने औरंगजेबाकडे पाठवलं, दुसऱ्याने जर्जरी जर बक्ष दर्ग्याकडे. शेवटी एका शाळकरी मुलाने "शायर वाले बाबा?" म्हणत बरोबर नेलं. तो स्वतः परीक्षेत पास होण्यासाठी तिथली साखर चाटायला येतो म्हणाला. मामांनी त्याला दोन सीताफळं दिली आणि गणित कसं आहे विचारलं. कच्चं आहे, असं उत्तर आलं. मग झाडाच्या सावलीत बसून मामांनी त्याला दहा गुणिले चोवीस करायला लावलं, आणि त्यावर माणशी अर्धा किलो.